घरची कोकणी, शाळेची उर्दू आणि वर्गातली मराठी

जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. तेव्हा आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा घरचा कागद घेऊन माझ्याकडे आला. पंचनामा, नुकसान, दुकान, तारीख, रक्कम हे सगळे शब्द त्याने घडाघडा वाचले. अडला तो 'सदर' या शब्दावर. उर्दूत सदर म्हणजे अध्यक्ष. "टीचर, अब्बा कशाचे अध्यक्ष?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. मी हसले. पण पुढच्या रकान्यात दुकानातल्या मालापुढे 'निरंक' लिहिलेलं होतं, म्हणजे काहीच नाही. तो शब्द घरात कुणालाच कळला नव्हता आणि खाली अब्बांची सही होऊन गेली होती.

या मुलाला मराठीत चांगले मार्क होते, आणि शिकवलं होतं मीच.

राज्यात मराठी सक्तीचा कायदा 2020 साली झाला आणि 2020-21 पासून पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. आपल्या उर्दू शाळांमध्ये मराठी त्याआधीही होतीच. प्रश्न ती कशी शिकवायची हा आहे. महाड-पोलादपूरच्या उर्दू शाळांतल्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी माझ्या वर्गात उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

सगळ्यात मोठी अडचण लिंगाची. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. त्यामुळे मुलं 'माझा घर', 'माझा नाव' लिहितात. 'किताब' स्त्रीलिंगी म्हणून 'माझी पुस्तक' लिहितात. मी वर्षानुवर्षं लाल पेनने गोल करत बसले. मग एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी मैत्रिणीला 'माजां घर' म्हणताना ऐकलं. म्हणजे घरच्या कोकणीत नपुंसकलिंग जिवंत आहे! ती कोकणी आपणच वर्गाच्या दाराबाहेर ठेवतो. "नीट बोल, गावठी बोलू नको," हे मीही कितीदा म्हटलंय. आता मी फळ्यावर तीन रकाने करते: कोकणी, उर्दू, मराठी. मूल आधी घरी जसं बोलतं तसं म्हणतं, मग उर्दूत, मग मराठीत. 'माजां'वरून 'माझं' एका पावलावर आहे.

पण सगळ्यांच्या घरी कोकणी नाही. बिरवाडीकडे एमआयडीसीमुळे उत्तरेतून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं घरी हिंदी-उर्दूच बोलतात. त्यांना हा आधार मिळत नाही. अशा मुलाला मी कोकणी बोलणाऱ्या मुलाशेजारी बसवते. तो उर्दूचा उच्चार सुधारतो, ती लिंग सुधारते. सौदा बरा जमतो.

दुसरी गोष्ट काना-मात्रांची. उर्दू लिहिताना ज़ेर, ज़बर, पेश बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा अंदाजाने वाचतो. तीच सवय मराठीत आली की वेलांटी आणि उकार गळतात. पण आपली बहुतेक मुलं मकतबमध्ये कायदा शिकलेली असतात, तिथे प्रत्येक खूण लिहिलेली असते. मग सरळ सांगायचं: ज़ेर म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, पेश म्हणजे ऱ्हस्व उकार, आणि मराठीत त्या कधीच सोडायच्या नाहीत. पाचवीच्या मुलांना हे एका तासात समजलं. हात वळायला मात्र महिने लागतात, तिथे घाई करू नये.

'ळ' आणि 'ण' ही अक्षरं उर्दूत नाहीत. त्यासाठी धड्यातले शब्द कशाला हवेत? टोळ, देवळे, पळचिल ही आपलीच गावं आहेत, चवदार तळे रोजच्या रस्त्यावर आहे, आणि एसटी स्टँडवर पाट्याच पाट्या. मुलांना पाट्या उतरवून आणायला सांगा.

आता 'सदर'कडे येते. दोन्ही भाषांत असलेले पण अर्थ बदललेले शब्द आम्ही भिंतीवर लावतो. 'दप्तर' उर्दूत कचेरी, मराठीत पाठीवरची बॅग. 'तालीम' उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव. 'शिकस्त' उर्दूत पराभव आणि मराठीत पराकाष्ठेचा प्रयत्न. 'राजीनामा' उर्दूत समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. मुलांना हा खेळ फार आवडतो. घरून नवे शब्द शोधून आणतात, कधी चुकीचेही, पण त्यावर भांडण होतं तेच शिकणं.

आणि निबंध थोडे कमी करा. 'माझा आवडता ऋतू' लिहून कुणाचं काम होत नाही. आठवड्यातून एक खरा कागद वर्गात आणा: रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज, वीजबिलाची तक्रार, दाखल्याची मागणी, बँकेची स्लिप. मुलांनी तो मोठ्याने वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि घरी अम्मीला कोकणीत किंवा उर्दूत समजावून सांगायचा. अम्मीने विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचा. अम्मींचे प्रश्न परीक्षेपेक्षा अवघड असतात. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, "इथे 'अर्जदार' मी की माझा नवरा?" अर्ध्या वर्गाला सांगता आलं नाही. त्या दिवशी व्याकरणाचा धडा बाजूला ठेवला आणि तासभर तोच अर्ज वाचला.