गोलुबच्या टेकडीवरचे आनाचे घर

उत्तर पोलंडमध्ये, कोपर्निकसच्या तोरुन्य शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, द्रवेंत्सा नदीकाठी गोलुब-डोब्झिन हे छोटे गाव आहे. जोडनाव १९५१ चे. नदीच्या अल्याड-पल्याडची दोन गावे त्या वर्षी एक झाली. शेजारच्या सत्तांनी पोलंड वाटून घेतला होता तेव्हा हीच नदी प्रशिया आणि रशिया यांची सरहद्द होती.

गावावरच्या टेकडीवर विटांचा चौकोनी किल्ला उभा आहे. १३०० च्या सुमारास तो ट्यूटॉनिक नाइट्सनी, म्हणजे धर्मासाठी शस्त्र धरणाऱ्या जर्मन संघाने बांधला. खालचे अंग तसेच आहे: जाड, भक्कम, लढाईसाठी केलेले. आत घोड्यावरून चढून जाता यावा असा रुंद, सौम्य चढाचा जिना आहे. माथ्याकडे नजर गेली की मात्र वेगळीच बांधणी दिसते. रेनेसाँस घाटाचा नक्षीदार कठडा आणि कोपऱ्यांवर नाजूक बुरुज. हा माथा एका स्वीडिश राजकन्येने चढवला. तिचे नाव आना वासा.

आना १५६८ मध्ये स्वीडनमध्ये एस्किल्स्तुना इथे जन्मली. वडील स्वीडनचे राजे योहान तिसरे, आई पोलंडच्या यागिएलोन घराण्यातली कातारिना. आईने मुलांना कॅथलिक वळणात वाढवले. आई गेल्यावर आनाने लूथरचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. भाऊ सिगिस्मंड १५८७ मध्ये पोलंडचा राजा म्हणून निवडला गेला, तिथे त्याच्यासोबत तीही गेली. तो कट्टर कॅथलिक, ही लूथरपंथी. तरी भावाबहिणीचे प्रेम तुटले नाही, याचे मला फार मोल वाटते. पुढे वडिलांनंतर मिळालेले स्वीडनचे सिंहासन सिगिस्मंडच्या हातून गेले आणि आनासाठीही परतीची वाट उरली नाही.

भावाने तिला आधी ब्रोद्नित्साचा आणि १६११ मध्ये गोलुबचा कारभार दिला. लग्नाच्या बोलण्या अनेकदा झाल्या, पण ती अविवाहितच राहिली. गोलुबचा लष्करी किल्ला तिने राहता वाडा केला. तिला ओढ होती वनस्पतींची. औषधी झाडे ती स्वतः लावत असे. पोलंडमध्ये तंबाखूचे पहिले रोप तिच्याच बागेत वाढले, असे तिथे सांगतात. क्राकोचे वैद्य शिमोन सिरेन्स्की यांनी आयुष्य घालून वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला होता. १६११ मध्ये ते वारले आणि छपाई अडली. आनाने पैसा पुरवला, आणि दीड हजारांहून अधिक पानांचा तो ग्रंथ १६१३ मध्ये बाहेर आला. किल्ल्याच्या कठड्यापेक्षा हे तिचे मोठे बांधकाम, असे मी म्हणेन.

फेब्रुवारी १६२५ मध्ये ती ब्रोद्नित्साला वारली. पोलंडच्या राजघराण्यातली माणसे क्राकोच्या वावेल टेकडीवरच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये विसावत असत. पंथ वेगळा म्हणून राजाच्या सख्ख्या बहिणीला तिथे जागा मिळाली नाही. शवपेटी ११ वर्षे ब्रोद्नित्सालाच पडून राहिली. सिगिस्मंडही तोवर गेला. अखेर १६३६ मध्ये भाचा व्वादिस्वाव चौथा याने तोरुन्यच्या सेंट मेरी चर्चमध्ये, जे तेव्हा लूथरपंथीयांकडे होते, तिचा राजेशाही दफनविधी केला.

एकोणिसाव्या शतकातल्या वादळाने गोलुबच्या माथ्याची मोठी पडझड झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत तो पुन्हा उभा राहिला. आज किल्ल्यात संग्रहालय आहे, मुक्कामाची सोय आहे आणि उन्हाळ्यात चिलखती स्वारांच्या स्पर्धा भरतात.

कोपर्निकसचे घर बघायला तोरुन्यला जाणाऱ्यांनी एक दिवस गोलुबसाठी राखावा आणि परतताना सेंट मेरीत जरूर थांबावे. तिथे आनाची अलाबास्टरची निजलेली मूर्ती आहे. ते चर्च १७२४ पासून कॅथलिकांकडे आहे. आनाची कबर कोणी हलवलेली नाही.