नौकेचा गाडा आणि जमिनीचा निवाडा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बोरन सरोवराच्या नावाने ओळखले जाणारे एक राखीव उद्यान आहे. 1961 साली स्थापन झालेल्या या उद्यानात सरोवरे, नद्या आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा यांची मिळून 116 किलोमीटरांची एक प्रदक्षिणा सिद्ध झालेली असून, कनू अथवा कयाक घेऊन ती पुरी करण्यासाठी दरसाल उन्हाळ्यात देशोदेशीचे नौकाविहारी तेथे लोटतात. प्रदक्षिणेचा आरंभ पाण्याने होत नाही. पहिल्या सरोवराचे दर्शन होण्यापूर्वीच 2.4 किलोमीटरांची पायवाट तुडवावी लागते, आणि तीही नौका बरोबर घेऊन. या वाटेवर नौका दोन चाकांच्या हातगाड्यावर घालून ओढण्यास परवानगी आहे. मात्र त्या नौकेत 28 किलोंहून अधिक सामान ठेवण्याची मुभा नाही. म्हणून निघण्यापूर्वी सामान काट्यावर चढते, आणि हद्दीबाहेरचे जे भरेल ते ज्याने त्याने मुकाट्याने आपल्या पाठीवर घ्यावयाचे, असा तेथील शिरस्ता आहे.

हा नियम नौकेच्या काळजीपोटी झालेला नाही. कनूच्या पोटात याच्या कितीतरी पट ओझे राहू शकते, आणि चांगला गाडाही शंभर किलोंचा भार सहज पेलतो. अडचण आहे ती जमिनीची. भार पडलेली चाके ओल्या मातीत चाकोऱ्या पाडतात, चाकोऱ्यांत पाणी साचते, साचलेल्या पाण्याचा चिखल होतो, आणि पुढच्या हंगामात त्या वाटेने जाणाऱ्याला घोटाभर राडा तुडवावा लागतो. उद्यानाच्या अंमलदारांनी जे ओळखले ते गाडा विकत घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही. तो दुकानात आपल्या नौकेची लांबी, रुंदी आणि वजन सांगतो, दुकानदार भारक्षमतेचा मोठा आकडा दाखवतो, आणि सौदा पुरा होतो. वास्तविक भारक्षमता हा गाड्याच्या वर्णनातला सर्वांत निरुपयोगी आकडा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण नौकेच्या वजनाने मोडून पडलेले गाडे क्वचित आढळतात, आणि जमिनीपुढे हात टेकलेले गाडे मात्र कोणत्याही किनाऱ्यावर पाहावयास मिळतात.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे, याचे कारण त्या काळच्या नौकांत आहे. ध्रुवप्रदेशीय इन्युइट लोकांची कयाक म्हणजे वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेले सीलचे कातडे. ती एकटा शिकारी उचलून नेई. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भूर्जवृक्षाच्या सालीची कनूही आपल्या आकाराच्या मानाने हलकीच असे, आणि धबधबा किंवा खडकाळ उतार लागला की ती खांद्यावर घेऊन जमिनीवरून पलीकडच्या पाण्यात नेण्याचा प्रघात होता. पुढे सतराव्या शतकापासून लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी हीच नौका आणि हीच पद्धत उचलली. सुपीरियर सरोवराला मिळणाऱ्या पिजन नदीवरील धबधबे टाळणारी ‘ग्रँड पोर्टेज’ ही वाट सुमारे 13.7 किलोमीटरांची होती, आणि तेथील हमाल-नावाडी प्रत्येक खेपेस 41 किलोंचे एक याप्रमाणे दोन गाठोडी कपाळपट्ट्याच्या आधाराने पाठीवर वाहत. आजची साधी प्लॅस्टिकची समुद्री कयाक पाच मीटर लांब आणि पंचवीस ते तीस किलो वजनाची असते, मासेमारीची रुंद कयाक चाळीस किलोंच्याही पुढे जाते, आणि तिचा मालक बहुधा आठवडाभर कचेरीत बसणारा गृहस्थ असतो. चाकांचा आश्रय त्याला अपरिहार्य झाला तो असा.

आता चाक म्हटले म्हणजे त्याची गाठ दोन शत्रूंशी पडते: वाटेतला अडथळा आणि पायाखालची मऊ जमीन. अडथळ्याचे गणित भूमितीचे आहे. वाटेत तीन सेंटिमीटर उंचीचे एखादे झाडाचे मूळ आडवे आले असे धरा. चाकाचा व्यास 20 सेंटिमीटर असेल, तर त्या मुळावरून ते चढवण्यासाठी आसावर आडवा लावावा लागणारा जोर चाकावरील संपूर्ण भाराइतका होतो. म्हणजे नौका ओढणे आणि उचलणे यांत काही अंतरच उरत नाही. व्यास 30 सेंटिमीटर केला की तोच जोर भाराच्या 75 टक्क्यांवर येतो, आणि 40 सेंटिमीटर केला की सुमारे 62 टक्क्यांवर. दगडगोट्यांच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या आपल्या बैलगाडीचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास का असे, याचे उत्तर याच गणितात आहे. तो सुताराचा डामडौल नव्हता. मात्र चाक वाढले की गाडा जड होतो, आणि पाण्यावर गेल्यानंतर त्याला ठेवायचे कोठे हा प्रश्न उभा राहतो. कयाकच्या सामानकप्प्याच्या तोंडातून आत जाईल असा घडीचा गाडा हवा असेल, तर लहान चाके पत्करावी लागतात. फरसबंद धक्क्यावरून किंवा डांबरी उतारावरून पाण्यात उतरणाऱ्याने ती खुशाल पत्करावीत.

दुसरा शत्रू अधिक कपटी आहे, कारण तो दिसत नाही. मऊ जमिनीवर चाक रुतते, रुतलेले चाक पुढची माती दाबत आणि ढकलत जाते, आणि ओढणाऱ्याची बहुतेक शक्ती नौका हलवण्यात खर्ची न पडता जमीन चेपण्यात खर्ची पडते. या विषयाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः मिएच्स्वाव बेकर या पोलिश अभियंत्याचे. रणगाडे आणि शेतीची वाहने चिखलात का फसतात याचा अभ्यास करता करता त्याने 1956 साली भूमीवरील गतीच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे 1971 साली चंद्रावर धावलेल्या गाडीच्या चाकांमागे त्याचीच विचारसरणी होती. त्या चाकांत हवा नव्हती. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची ती विणलेली जाळी होती, जेणेकरून चंद्राच्या भुकटीसारख्या मातीवर भार पसरावा.

आपल्याला समुद्रकिनाऱ्यावर हेच साधायचे आहे, आणि तेथे हवेच्या मऊ चाकाइतके सोयीचे साधन नाही. हवा भरलेल्या लवचिक टायरचा जमिनीवरील दाब, टायरच्या स्वतःच्या ताठपणाचा अल्प हिस्सा सोडला तर, आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. सायकलच्या धर्तीवरील अरुंद चाकात दर चौरस इंचाला 30 पौंडांचा दाब असतो. वाळूवर ते सुरीसारखे उतरते. उलट वाळूसाठी बनवलेल्या रुंद, फुगीर चाकांत केवळ दोन ते चार पौंडांचा दाब ठेवतात. नौका, सामान आणि गाडा मिळून 45 किलो भार आहे असे मानले, तर तीन पौंड दाबाचे प्रत्येक चाक साधारण 107 चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर, टेकते, आणि चालताना आपले एक पाऊल वाळूवर जो दाब देते त्याच्या निम्माच दाब तिथे पडतो. यावरून एक सोपी कसोटी हाती येते: ज्या वाळूत तुमची टाच खोल रुतते तेथे कडक, अरुंद चाकाचा गाडा घेऊन जाण्यात शहाणपण नाही.

या मऊ चाकांची एक खोड सांगितली पाहिजे. सकाळी वीस अंश तपमानात तीन पौंड दाब भरून गाडा उन्हात ठेवला आणि चाकातली हवा पन्नास अंशांपर्यंत तापली, तर दाब एखाद्या दशमांशाने वाढेल असे वाटते. परंतु वायूचा नियम दाबमापकावरचा आकडा पाहत नाही, तो वातावरणाच्या 14.7 पौंडांसह एकूण दाबाला लागू होतो, म्हणून 17.7 चे साडेएकोणीस होतात, आणि मापकावर तीनाऐवजी जवळजवळ पावणेपाच पौंड दिसतात. रबर थोडे ताणले जात असल्याने प्रत्यक्ष वाढ काहीशी कमी भरते, तरीही चाकाचा मऊपणा बराच हरपतो. दुपारी गाडा सावलीत ठेवावा, किंवा ओढण्यापूर्वी थोडी हवा सोडावी.

चाकाइतकेच महत्त्व वाळूवरच्या मार्गाला आहे. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांना धरून ठेवणारे काहीच नसते. ओलसर वाळूत कणाकणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म सेतू तयार होतात, आणि पृष्ठताणाच्या बळाने ते कण जखडून ठेवतात. प्राचीन इजिप्तमधील जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात, घसरगाडीवरून ओढल्या जाणाऱ्या प्रचंड पुतळ्याच्या पुढे एक माणूस वाळूवर पाणी ओतताना दाखवला आहे. हा निव्वळ धर्मविधी असावा अशी समजूत दीर्घकाळ होती. 2014 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डॅनिएल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले की, वाळू योग्य प्रमाणात भिजवली तर घसरगाडी ओढण्यास लागणारा जोर सुमारे निम्म्यावर येतो, कारण गाडीपुढे कोरड्या वाळूचा ढीग साचत नाही. प्रमाण मात्र साधले पाहिजे. पाणी अती झाले की ते सेतू नाहीसे होतात आणि वाळू पुन्हा सैल पडते.

ओहोटीने नुकत्याच उघड्या पडलेल्या पट्ट्यावर चालताना पाऊल टेकताच भोवतालची वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसते आणि पाऊल उचलल्यावर पुन्हा चकाकते, हे किनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने 1885 साली याचा उलगडा केला. घट्ट रचलेल्या कणांवर जोर पडला की ते एकमेकांवरून सरकताना रचना पसरट होते, मधल्या पोकळ्या वाढतात, वरचे पाणी आत ओढले जाते, आणि त्या ओढीनेच वाळू त्या घटकेपुरती कठीण बनते. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळी घोडागाड्या धावतात, त्या याच पुण्याईवर. नौकेच्या गाड्यालाही तोच रस्ता: कोरड्या पुळणीतून शक्य तितक्या आखूड रेषेने खाली उतरावे, आणि मग लांबचे अंतर ओल्या पट्ट्यावरून कापावे.

तोल हा पुढचा मुद्दा. काही गाडे नौकेच्या मागल्या टोकाला बसवण्याचे असतात. ते लहान, स्वस्त आणि दिसायला सुटसुटीत. परंतु पाच मीटर लांबीच्या तीस किलोंच्या कयाकचा गुरुत्वमध्य चाकांपासून दोन मीटर पुढे राहिला, तर नाळेवरच्या हाताला तेरा किलोंहून जास्त भार सतत उचलून धरावा लागतो. तोच गाडा मध्याच्या मागे केवळ तीस सेंटिमीटरांवर बसवला तर हातावर सव्वातीन किलोच येतात. भार अगदी शून्य करण्याचा मोह मात्र आवरावा. थोडे वजन हाताकडे झुकलेले असले म्हणजे नौका उतारावर मागे उलटत नाही.

मध्यावर बसणाऱ्या गाड्याला पट्ट्यांनी जखडावे लागते, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. पट्टा नौकेभोवती कितीही आवळला तरी प्रत्येक हिसक्यासरशी गाडा बोटभर मागे सरकत जातो, आणि दोन-तीनशे पावलांत नौकेचे नाक जमिनीवर येते. गाड्याच्या चौकटीपासून पुढे, नौकेच्या एखाद्या कडीला दोरी बांधून ठेवली की हा मामला मिटतो. उघड्या बैठकीच्या कयाकच्या तळातून आरपार गेलेल्या निचऱ्याच्या भोकांत खुंट्या घुसवून बसवायचे गाडे या कटकटीतून सोडवतात खरे, पण सगळा भार त्या भोकांच्या पातळ कडांवर येतो आणि तेथे चिरा पडू शकतात; काही उत्पादक म्हणूनच त्यांना अनुकूल नाहीत. रस्ता खडबडीत असेल तर आम्हीही नाही.

बॉल बेअरिंगचा मोठा डांगोरा पिटला जातो. बारा मिलिमीटर जाडीचा आस आणि तीस सेंटिमीटर व्यासाचे चाक असेल, तर साध्या प्लॅस्टिकच्या बुशमधले घर्षण ओढण्याच्या जोरात भाराच्या एका टक्क्याइतकीही भर घालत नाही. वाळू याच्या कितीतरी पट वसूल करते. शिवाय खाऱ्या पाण्यात साध्या पोलादाच्या गोळ्या गंजून बसतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस पोलादाचे खिळे असतील तर खारे पाणी त्या दोन धातूंमध्ये विद्युत्‌घट निर्माण करते, आणि झिजते ते ॲल्युमिनियम. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने गाडा धुणे, हाच त्यावर इलाज.

तेव्हा कोकणच्या किंवा गोव्याच्या पुळणीवर कयाक नेणाऱ्याने निदान 30 सेंटिमीटर व्यासाची, रुंद, कमी दाबाची चाके, प्लॅस्टिकचे बुश आणि मध्यावर बसणारी चौकट पाहावी, आणि भारक्षमतेचा आकडा वाचलाच नाही तरी चालेल. जंगलातल्या वाटांसाठी व्यास 40 सेंटिमीटरांकडे न्यावा. पण परदेशी जाऊन नौकाविहार करू इच्छिणाऱ्यांनी गाड्याची खरेदी करण्यापूर्वी तेथील कायदाही पाहून घ्यावा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ‘बाउंडरी वॉटर्स’ या संरक्षित अरण्यात, काही मोजक्या वाटा सोडल्या तर, चाकांना सक्त मनाई आहे. तेथील वाटांची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूएवढा. अशा मुलखात जाणाऱ्याने गाड्याचे पैसे हलक्या नौकेत घालावेत: सतरा फुटांची ॲल्युमिनियमची कनू सुमारे 34 किलो भरते, केवलार धाग्यांची 20 किलोंच्या आसपास.