रायसीनावरच्या घरात मुक्ताईनगरचा वाटा

राष्ट्रपती निवडताना मुक्ताईनगरचा मतदार स्वतः मत देत नाही, तरीही त्या निवडीत त्याचा वाटा मोजून काढता येतो. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य राष्ट्रपती निवडतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१च्या लोकसंख्येवरून ठरते आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदारासाठी ते १७५ भरते. म्हणजे मुक्ताईनगरने ज्याला विधानसभेत पाठवले, त्याच्या हातून या मतदारसंघाचे १७५ मोलाचे मत पडते. दरवर्षी हिवाळा सरता सरता राष्ट्रपती भवनाची बाग सर्वांसाठी खुली होते, तेव्हा हा हिशेब आठवायला हवा. तिथे जाणारा माणूस मोठ्या घरचा पाहुणा नसतो, वाटेकरी असतो. खुल्या दिवसांचे खरे मोल फुलांपेक्षा या जाणिवेत आहे, आणि ती जाणीव रुजेल अशा रीतीनेच हे घर दाखवले आणि पाहिले गेले पाहिजे.

मुळात हे घर लोकांनी आत यावे म्हणून बांधलेलेच नव्हते. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि रायसीना टेकडीवर एडविन लट्यन्स यांच्या आराखड्यानुसार व्हाइसरॉयचा वाडा उभा राहिला. ३४० खोल्या, सुमारे ३३० एकरांचा परिसर आणि प्रजेने दुरूनच मान वर करून पाहावा असा घुमट, हा त्याचा थाट. स्वातंत्र्यानंतर या दगडांचा अर्थ बदलला तो राहणाऱ्यांच्या वागण्याने. गव्हर्नर जनरल झालेल्या चक्रवर्ती राजगोपालाचारींनी व्हाइसरॉयचे प्रशस्त दालन सोडून लहान खोल्यांत मुक्काम केला. पुढच्या राष्ट्रपतींनीही तोच भाग राहण्यासाठी ठेवला. देशात अन्नटंचाई होती, म्हणून राजाजींनी आवारात गहू पेरला. डॉ. राजेंद्रप्रसादांनी बाग लोकांना खुली केली. आज अमृत उद्यान नावाने ओळखली जाणारी ती पंधरा एकरांची बाग पाहायला तिकीट लागत नाही.

खानदेशाला या घराचा आणखी एक धडा जवळून मिळाला आहे. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील १९६७पासून सलग चार वेळा एदलाबादमधून विधानसभेवर निवडून गेल्या. ते एदलाबाद म्हणजेच आजचे मुक्ताईनगर. २५ जुलै २००७ रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून या भवनात गेल्या आणि पाच वर्षांनी, २५ जुलै २०१२ रोजी, पदाचा भार उतरवून बाहेर पडल्या. आपल्या भागातली व्यक्ती तिथे राहिली याचा अभिमान रास्तच आहे. पण मुदत संपताच घर सोडावे लागते, हे त्याहून मोलाचे. राहणारे बदलतात, घर पदाचे असते आणि पद लोकांचे. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा १९९३पासून उन्हाळ्यात लोकांसाठी उघडू लागला, तो आगीत होरपळलेल्या विंडसर किल्ल्याच्या दुरुस्तीला पैसा उभा राहावा म्हणून. तिथला प्रेक्षक तिकीट काढून राजाच्या घरात शिरतो. प्रजासत्ताकातल्या प्रेक्षकाचे नाते वेगळे असते, कारण तिथला रहिवासी त्याच्याच मतांच्या साखळीतून आलेला असतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुबळे नाहीत. परकीय सत्तेने इथल्या पैशावर उभारलेल्या ऐश्वर्याचे कौतुक कशाला, असा एक प्रश्न विचारला जातो. या वाड्याचे रुग्णालय करावे, असे गांधीजींनीही सुचवले होते. पण वाडा राहिलाच आहे, तर त्याची दारे बंद ठेवून साम्राज्याची स्मृती पुसत नाही, उलट दुरावा मात्र टिकून राहतो. सुरक्षेची अडचणही खरी आहे. नावनोंदणी, ओळखपत्र आणि ठरावीक वेळा या मार्गांनी ती बऱ्याच अंशी सुटते, हा अनेक वर्षांचा अनुभव आहे. लोक शेवटी फुलांसमोर फोटो काढूनच परततात, ही तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. तिचे उत्तर दार लावून घेण्यात नाही. भवनाची मुख्य इमारत आणि संग्रहालयही पाहता येते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी ज्या दरबार हॉलमध्ये झाला, त्याला २०२४पासून गणतंत्र मंडप म्हणतात. बागेइतकाच वेळ त्या दालनाला दिला, तर सहलीचा अभ्यास होतो.

उरतो तो अंतराचा प्रश्न. भुसावळहून दिल्लीला थेट गाडी मिळते, तरी हजारेक किलोमीटरचा प्रवास आणि मुक्काम शेतमजुराच्या कुटुंबाला परवडत नाही. दिल्लीकराला सहज मिळणारा हक्क मुक्ताईनगरच्या मुलाला खर्चिक पडत असेल, तर तो हक्क अपुरा आहे. २०२३मध्ये शेतकरी, दिव्यांग आणि महिलांसाठी बागेत खास दिवस राखले गेले होते. तसेच दिवस दूरच्या जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांसाठी, प्रवासखर्चासह, राखले पाहिजेत. मुक्ताईची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरपर्यंतची लांबलचक वाट चालते, त्यामुळे दूरच्या दाराशी जाणे या मातीला नवे नाही. पंढरीत माथा टेकायचा असतो. रायसीनावर मात्र मान ताठ ठेवून, आपल्याच घराची पाहणी करावी तसे सारे न्याहाळायचे असते. म्हणून शिक्षकांनी गुलाबाच्या ताटव्यांकडे नेण्याआधी मुलांना १७५ हा आकडा समजावून सांगावा.