विरजण किती लावावे? लागर बिअर आणि यीस्टची मात्रा

बालरोगतज्ज्ञाने बिअरविषयी लिहावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल, आणि क्वचित रागही येईल. आरंभीच सांगतो की मी पिणाऱ्यांपैकी नाही. शिवाय मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. तेव्हा महाराणा प्रताप नगरात कोणी हा प्रयोग करू नये. ही हकीकत अमेरिकेतील आहे. तेथे १९७८च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करण्याची मुभा दिली.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या जन्मानिमित्त आम्ही उभयता शिकागोजवळील नेपरव्हिल येथे मुलाकडे अडीच महिने राहिलो. आम्ही पोहोचण्यापूर्वीच त्याची पहिली लागर बिघडली होती. तीन दिवस फेसाचा पत्ता नव्हता, आणि तयार झालेल्या बिअरला शिळ्या लोण्याचा वास येत होता. खापर त्याने तळघरातील थंडीवर फोडले होते. वैद्यकाकडे न वळता अभियंता झालेल्या या मुलाने जन्मात प्रथमच मला माझ्या क्षेत्रातला प्रश्न विचारला : “बाबा, यात जंतुसंसर्ग झाला असेल का?”

मी उलट विचारले, “मात्रा किती दिली होतीस?” वीस लिटरला एक पाकीट, हे त्याचे उत्तर. नवजात अर्भकाला आणि बारा वर्षांच्या मुलाला एकच चमचा औषध देण्यातला हा प्रकार!

जानेवारीत भोपाळचा पारा दहा अंशांखाली उतरला की माझी आई दुधाला विरजण जास्त लावीत असे. लागरचे गणित तेच. एल जातीची बिअर साधारण २० अंश सेल्सिअसला आंबते, लागर १० अंशांच्या आसपास. थंडीत यीस्ट मंदावते, म्हणून सुरुवातीलाच त्याची संख्या मोठी लागते. रूढ प्रमाण असे : मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या गोड काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, शर्करेच्या प्रत्येक टक्क्यामागे दर मिलिलिटरला १५ लाख जिवंत पेशी. एलला याच्या निम्म्या पुरतात. १२ टक्क्यांच्या २० लिटर वर्टला ३६ हजार कोटी पेशी हव्यात; द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात असतात सुमारे १० हजार कोटी, आणि पाकीट जुने होत जाते तशा त्यांतील जिवंत पेशी घटत जातात.

पेशी अपुऱ्या असल्या की त्यांना अनेकदा विभाजित व्हावे लागते. त्या ओघात लोण्याच्या वासाचे डायॲसिटिल अधिक निर्माण होते, आणि थकलेले यीस्ट ते शेवटी पुरते शोषून घेत नाही. शिवाय सुरुवात लांबली की भटक्या जंतूंना आयती संधी मिळते. तेव्हा मुलाची शंका अगदीच निराधार नव्हती. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून लागरचे शुद्ध यीस्ट वाढवले, तेही रानटी यीस्टने बिअर नासत होती म्हणूनच.

उपाय म्हणजे विरजणाचेही विरजण. लिटरमागे १०० ग्रॅम माल्टची भुकटी घालून पाणी पंधरा मिनिटे उकळायचे, २० अंशांपर्यंत निववायचे, निर्जंतुक चंबूत यीस्ट सोडून अधूनमधून हलवायचे. प्राणवायू मिळाल्यावाचून पेशी जोमाने वाढत नाहीत. एका पाकिटाला २ लिटर घेतले तर दीड-दोन दिवसांत संख्या साधारण दुप्पट होते. मग रात्रभर शीतकपाटात ठेवून वरचे पाणी ओतून द्यायचे, आणि खालच्या गाळाला ४ लिटरची दुसरी फेरी द्यायची.

अंदाजावर माझा भरवसा नव्हता. प्रवासाला निघताना दवाखान्याशेजारच्या पॅथॉलॉजिस्ट मित्राची एक जुनी न्यूबॉअर चेंबर मी हौसेने मागून नेली होती. नातीसाठी शिवलेल्या दुपट्यात ती गुंडाळल्याबद्दल सौभाग्यवतींनी पुष्कळ सुनावले. मुलाने साधा सूक्ष्मदर्शक मागवला. यीस्टची पेशी आकाराने तांबड्या रक्तपेशीच्या जवळपासची, त्यामुळे मोजणीला डोळा सरावलेलाच होता. मिथिलीन ब्ल्यूने मृत पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. शंभरात पाच-सहाच निळ्या निघाल्या. मुलगा चौकोन मोजत होता, मी आकडे लिहीत होतो. हिशेब ३८ हजार कोटींच्या घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून त्याची हाक आली. फेस धरला होता. परतीच्या आदल्या रात्री, महिनाभर थंडीत मुरलेली ती बिअर त्याने माझ्यापुढे धरली. मी घोटभर चाखली. लोण्याचा वास नव्हता.