दगडाचं गलबत

ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तळहात आडवा धरून पाहिलाय कधी? पाणी कसं रेटा देतं! आता हात वळवा आणि करंगळीची कड धारेकडे करा. गेला ना सगळा जोर? पाणी दोन्ही अंगांनी सुळकन निघून जातं.

जर्मनीतल्या काउब गावासमोर एक किल्ला नेमका असाच, कड पुढे करून, थेट ऱ्हाईन नदीत उभा आहे. त्याचं नाव फाल्त्सग्राफेनश्टाइन. नाव म्हणताना जीभ अडखळली तर अडखळू दे, किल्ला मात्र सातशे वर्षांत जागचा हललेला नाही!

काउब अगदी छोटं, हजाराच्या आतली वस्ती. मागे डोंगर, डोंगरावर गुटेनफेल्स नावाचा आणखी एक किल्ला आणि पुढ्यात नदी. मग खडकाळ बेटावर, पाण्यात हा दुसरा किल्ला कशाला? जकातीसाठी! ऱ्हाईन म्हणजे तेव्हाचा हमरस्ता. मालाच्या होड्या प्रवाहाबरोबर खाली येत. उलट वर जायचं तर काठावरून घोडे दोर लावून त्या ओढत नेत. काउबला आलं की थांबा, पैसे मोजा, मग पुढे जा. राजा लुडविगने 1326 च्या सुमारास बेटावर पाचकोनी बुरूज उभारला आणि पुढच्या काही वर्षांत त्याभोवती सहाकोनी तट आला. ही जकात चालली थेट 1867 पर्यंत.

आता तो तट नीट पाहू या. जिकडून पाणी येतं त्या बाजूला तो निमुळता होत गेलाय, अगदी गलबताच्या नाळेसारखा. हिवाळ्यात ऱ्हाईनमधून बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या वाहत यायच्या. सपाट भिंत असती तर लाद्या तिच्यावर धडाधड आपटल्या असत्या, एकीवर एक चढल्या असत्या. टोकावर आदळलेली लादी फुटते किंवा वळून बाजूने निघून जाते. ज्या गवंड्यांना हे सुचलं त्यांची नावं आपल्याला सांगता आली असती तर किती बरं झालं असतं!

1814 च्या पहिल्याच रात्री हे बेट आणखी एका कामाला आलं. नेपोलियनचा पाठलाग करणाऱ्या सेनापती ब्ल्यूखरला सैन्यासह नदी पार करायची होती. कडाक्याची थंडी. सैनिकांनी चक्क कापडी होड्या शेजारी शेजारी बांधून पूल केला. आधी बेटापर्यंत, मग बेटापासून पलीकडे.

आता काउबला जकात नाही, पण जहाजांचं लक्ष अजून काउबवरच असतं. इथे नदी उथळ आहे, म्हणून पाणी मोजायची पट्टी लावली आहे. 2018 च्या ऑक्टोबरात पट्टीवर 30 सेंटीमीटरपेक्षाही कमी पाणी होतं. मग जहाजं चालली कशी? पट्टीवरचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. जहाजांच्या वाटेवर पाणी त्याहून सुमारे मीटरभर जास्त खोल असतं. तरीही तेवढ्या पाण्यात भरलेलं जहाज तळाला घासेल. म्हणून दूर समुद्राजवळ, रॉटरडॅमच्या बंदरात माल चढवतानाच विचारतात, ‘काउबला पाणी किती?’ आणि तेवढ्याच बेताने जहाज भरतात.