अंड्याने काय घोडं मारलंय?

घरातल्या कर्त्या पुरुषाचा रक्ताचा रिपोर्ट येतो. कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो. संध्याकाळपर्यंत शेजारचे काका, गावाकडचे मेव्हणे, कंपनीतले मित्र असे सगळे मिळून निकाल देऊन टाकतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरात अंडी बंद! गंमत म्हणजे ती फक्त त्या गृहस्थांची बंद होत नाहीत. नववीतल्या मुलीच्या डब्यातली भुर्जी जाते, दिवस गेलेल्या सुनेचं उकडलेलं अंडं जातं आणि घरच्या बाईचं म्हणाल, तर तिच्या ताटात ते बहुधा नव्हतंच. रिपोर्ट एकाचा, पथ्य सगळ्यांना. स्टेशनवरचा वडापाव आणि रविवारचं फरसाण मात्र तसंच चालू असतं, त्यांच्यावर कुणाचा संशय नसतो.

वाणगाव, बोईसर, तारापूर हा आमचा पट्टा. एका बाजूला मिरचीच्या आणि ढोबळी मिरचीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला चिंचणीकडचा समुद्र, मध्ये एमआयडीसीच्या पाळ्या आणि आत पाड्यापाड्यांवर अंगणात खुराडी. मासळी, सुका जवळा, कोंबडी, अंडी खाणारी माणसं आहेत आमच्याकडे. तरीही बचत गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हमखास पहिला प्रश्न येतो, "ताई, अंडं खाल्लं की कोलेस्टेरॉल वाढतं ना?" दुसरी लगेच म्हणते, "पिवळं काढून टाकायचं, पांढरं चालतं." तिसरी म्हणते, "उन्हाळ्यात नकोच बाई, उष्ण पडतं." तेव्हा म्हटलं, एकदा हा विषय नीट मांडूयाच.

ही भीती आली कुठून?

आधी कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते बघू. मेणासारखा हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांमध्ये, त्यामुळेच त्याच्या ग्रीक नावात पित्त आहे. पण तो काही विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला तो लागतो. बायकांच्या शरीरातली इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स, उन्हात कातडीखाली तयार होणारं 'ड' जीवनसत्त्व आणि पचनाला लागणारं पित्त, सगळं त्याच्यापासूनच बनतं. आईच्या दुधातही तो असतो. इतका गरजेचा, की आपलं शरीर बाहेरून मिळण्याची वाटच बघत नाही. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त आलं तर निरोगी माणसाचं यकृत आपलं उत्पादन बऱ्यापैकी कमी करतं.

मग अंडं बदनाम कसं झालं? १९१३ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचे थर साचलेले दाखवले. प्रयोग मोठा होता, पण ससा पडला पाला खाणारा प्राणी. त्याला असलं काही पचवायची सवयच नाही. माणसाचं तसं नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल पोटात जाऊ नये आणि आठवड्यात तीनपेक्षा जास्त पिवळे बलक खाऊ नयेत. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं बलकात. हिशेब सरळ होता, म्हणून लोकांच्या डोक्यात पक्का बसला. १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि खाली वाकलेलं तोंड असा रडका चेहरा छापला गेला. ती भीती तिथून आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवरच्या तक्त्यांपर्यंत पोचली.

आपल्याकडे उलटा वाराही वाहत होता. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि वाराची पर्वा न करता रोज अंडी खा म्हणणारी तिची जाहिरात दूरदर्शनवर घराघरांत गेली. एकीकडे जाहिरात, दुसरीकडे डॉक्टरांचा तक्ता. यात सामान्य गृहिणीने ऐकायचं कुणाचं?

मग पुढे काय कळलं?

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या एका आजोबांची हकिकत छापून आली. हे आजोबा रोज २५ अंडी खात आणि त्यांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल! त्यांचं शरीर आतड्यातून फार थोडं कोलेस्टेरॉल शोषून घेत होतं आणि उरलेल्याचं पित्त करून टाकत होतं. आपण कुणी २५ अंडी खायला जाऊ नये, पण खाल्लेलं जसंच्या तसं रक्तात उतरत नाही, एवढं त्यातून कळतं.

१९९९ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार स्त्रीपुरुषांची बरीच वर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला एखादं अंडं खाणाऱ्या निरोगी माणसांत हृदयविकाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मात्र ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यात धोका जास्त दिसला. ही मेख लक्षात ठेवायची. २०१५ च्या अमेरिकन आहार-सूचनांमधून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकण्यात आली. २०१८ मध्ये चीनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या अभ्यासात रोज अंडं खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळले.

सगळेच अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे तीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की, अंडी जितकी जास्त तितका धोका थोडा थोडा वाढतो. अर्थात तिथे अंड्याबरोबर डुकराच्या मांसाच्या तळलेल्या पट्ट्या आणि लोणी लावलेला पावही असतो, त्यामुळे नक्की दोष कुणाचा हे वेगळं काढणं अवघड. हे सगळं लक्षात घेऊन त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी सांगितलं, निरोगी माणसाने चांगल्या आहारात दिवसाला एक पूर्ण अंडं, म्हणजे बलकासकट, खायला हरकत नाही. १९६८ मध्ये आठवड्याला तीन म्हणणारी हीच संस्था, बरं का!

खरा चोर कोण?

रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते वाढवण्यात मोठा हात असतो तो संपृक्त चरबीचा आणि ट्रान्स फॅटचा. एका अंड्यात संपृक्त चरबी असते दीड ग्रॅमच्या आसपास. पण आपण भुर्जी कशात करतो? गाडीवरचा भुर्जीवाला तव्यावर चमचाभर लोणी सोडतो, त्या एका मोठ्या चमच्यातच सात ग्रॅम संपृक्त चरबी असते. शिवाय पाव भाजायला आणखी. शिक्षा कुणाला? अंड्याला!

वनस्पती तुपातली खारी, बिस्किटं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे-भजी, पाकिटातलं फरसाण, त्याच्या जोडीला तंबाखू आणि पाळीवरून आल्यावर टीव्हीसमोरची बैठक, ही खरी मंडळी. २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलंच झालं. पण तेच तेल कढईत दिवसभर उकळत ठेवलं तर ते काही अमृत राहत नाही.

आपल्या ताटाचं काय?

मैत्रिणींनो, मला खरं बोलायचंय ते याबद्दल. सात-आठ रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं, बी-१२, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला लागणारं कोलीन असतं. यातलं बरंचसं त्या पिवळ्या बलकातच असतं, जो आपण काढून टाकायला निघालोय! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर दहातली जवळजवळ सात. देशाचा हिशेब काढला तर २०२३-२४ मध्ये माणशी वर्षाला १०३ अंडी येत होती, म्हणजे आठवड्याला दोन. त्यातही घरच्या बाईच्या वाट्याला किती येतात, हे आपलं आपल्याला ठाऊक आहे. नवऱ्याला पाळीवर जायचं म्हणून दोन, मुलगा व्यायामशाळेत जातो म्हणून तीन, आणि आपण? सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्ष. उपास जरूर करा, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण उपासाला तुपातली साबुदाणा खिचडी आणि तळलेल्या चकत्या खाऊन "मी बाई कोलेस्टेरॉलमुळे अंडं खात नाही" असं म्हणू नका.

आमच्या आदिवासी भागात तर हा प्रश्न आणखी गंभीर आहे. २०१५ मध्ये राज्यात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळावं, ही कल्पना. २०१६ मध्ये त्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, न खाणाऱ्यांना केळी, अशी भर पडली. जेवण अंगणवाडीतच बसून खायचं, याला कारण आहे. घरी नेलं की ते बाईच्या पोटात जात नाही. पदराआड झाकून नेलेलं उकडलेलं अंडं घरी पोचल्यावर कुणाच्या ताटात पडतं, हे मी वेगळं सांगायला नको. आणि हल्ली त्यात भर म्हणून घरची मोठी माणसं म्हणतात, "अंड्याने हार्टचा त्रास होतो, पोरीला देऊ नका." अहो, ज्या पोरीचं वजनच भरत नाही तिला कसलं आलंय कोलेस्टेरॉलचं पथ्य?

शाळेचं सांगायचं, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं. शाळेतल्या अंड्याची अशी ओढाताण. त्यात घरातलं अंडंही दुसऱ्याच्या रिपोर्टच्या भीतीने गेलं, तर वाढीच्या वयातल्या लेकरांनी करायचं काय?

कुणी जपायचं?

आता दुसरी बाजू. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना हृदयविकार होऊन गेलाय, ज्यांचं एलडीएल खूप वाढलंय किंवा घराण्यातच कमी वयात हृदयविकाराचे झटके आलेत, त्यांनी आठवड्याला किती बलक खायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. काही जणांच्या रक्तावर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम इतरांपेक्षा जास्त होतो, ते तपासणीतूनच कळतं. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने पांढरं सर्वांनाच चालतं. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर "मी अंडी सोडली आता" म्हणून ती परस्पर बंद करू नये.

चाळिशी-पन्नाशीतल्या मैत्रिणींसाठी एक खास सांगणं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि एलडीएल वाढायला लागतं. आजवर रिपोर्ट म्हणजे नवऱ्याचाच, असं समजून आपण निर्धास्त असतो. एकदा आपलीही तपासणी करून घ्या. उपाशीपोटी अंडी टाळण्यापेक्षा रोज अर्धा तास भरभर चाललेलं, ताटात डाळ-उसळ आणि पालेभाजी वाढवलेली कधीही चांगली.

काही घरगुती शंका

गावठी अंडं पौष्टिक आणि पांढरं पोल्ट्रीचं निकस, असं आपण मानतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्यावरून पोषण ठरत नाही. दारातली कोंबडी असेल तर उत्तमच, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही.

कच्चं अंडं दुधात फेटून मुलांना देऊ नये. त्यात सालमोनेला नावाचे जंतू असू शकतात, शिवाय शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं जास्त चांगली अंगी लागतात. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाही पूर्ण शिजवलेलं खा, हाच सल्ला होता आणि तो कायमचा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताजेपणा बघायचा तर अंडं पाण्यात सोडा. तळाशी आडवं बसलं तर ताजं, तरंगलं तर टाकून द्या.

अंडं एकटं सगळं करत नाही. त्यात 'क' जीवनसत्त्व नाही, चोथा नाही, आणि लोहही फारसं नाही. म्हणून रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू नका आणि अंड्याबरोबर पालेभाजी, लिंबाची फोड असू द्या. उकडलेलं अंडं किंवा कमी तेलातलं कालवण आणि तांदळाची भाकरी, याहून सोपं आणि स्वस्त जेवण कुठलं?

जी अंडी खात नाही, तिच्यासाठी डाळी, दूध, शेंगदाणे आहेतच, तिला कुणी आग्रह करू नये. पण जी खाते, तिने ती दुसऱ्याच्या रिपोर्टला घाबरून सोडू नयेत. पुढच्या वेळी बाजारातून अर्धा डझन आणाल, तेव्हा घरातली माणसं मोजताना स्वतःलाही मोजा.