मेलबर्नचं पत्र : भिंतीपलीकडचा जुगार

आपल्या पन्हाळ्यात मटक्याचा आकडा लावायचा तर माणूस आडोसा शोधतो. टपरीमागं चिठ्ठी फाडायची, ओपन-क्लोज हळू आवाजात विचारायचं आणि घरी ‘कोल्हापूरला काम होतं’ म्हणून सांगायचं. इथं आडोसा लागत नाही. ‘पोकीज’ म्हणजे जुगाराची यंत्रं. व्हिक्टोरिया राज्यात ती 1990च्या दशकापासून कॅसिनोबरोबरच गल्लीतल्या पबमध्ये आणि क्लबमध्येही आहेत. या एका राज्यातले लोक नुसत्या पब-क्लबमधल्या यंत्रांत वर्षाला सुमारे 3 अब्ज डॉलर घालवतात.

पब म्हटलं की आपल्याला दारूचा गुत्ता आठवतो, पण उपनगरातला पब हे घरच्या सगळ्यांनी जेवायला जायचं ठिकाण. आजोबांचा वाढदिवस तिथंच होतो. लहानांना घसरगुंडी, रंगकांड्या, स्वस्तातलं ताट आणि कित्येक ठिकाणी भिंतीपलीकडं यंत्रं. 18 वर्षांखालच्यांना त्या खोलीत मज्जाव, पण आवाजाला मज्जाव नाही. शेजारच्या टेबलावरची एक पोरगी मला आठवते. बाप ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून आत गेलेला. आतून जिंकल्याची धून वाजली, की ती बटाट्याचे काप हातात तसेच धरून आईच्या तोंडाकडं बघायची. एवढ्या वयात तिला त्या धुनेचा अर्थ कळला होता.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरात जुगार शिरला की आम्हाला पहिल्यांदा कळतं ते पैशांवरून नव्हे, पोराच्या बोलण्यावरून. शाळेच्या मुक्कामी सहलीला पैसे भरायचे असतात. एक मुलगा म्हणायचा, मला तंबूत झोप येत नाही. घरभाडं थकलंय हे त्यानं ऐकलेलं असायचं, म्हणून आईनं नाही म्हणायच्या आधी तोच नाही म्हणून टाकायचा. बाप जिंकला की नवे बूट, हरला की आरडाओरडा. मूल दोन्हींना सारखंच बिचकतं. आणि घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर.

ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं 1999 सालीच सांगितलं होतं, की जुगाराच्या आहारी गेलेल्या एका माणसापायी 5 ते 10 जण भरडले जातात. इथल्या सरकारचा हात जुगाराच्या महसुलात अडकलाय, याचा मला राग येतो. पण एक सोय चांगली आहे. जुगाराच्या मदतवाहिनीवर घरचेही फोन करू शकतात, आणि 5 ते 25 वर्षांच्या मुलांसाठी वेगळी फुकट वाहिनी आहे.

आपल्याकडं मटक्याला 1887चा कायदा आहे, आणि मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं ऑगस्ट 2025मध्ये केला. छापा पडतो, माणसं धरली जातात. त्या घरातल्या पोराकडं दुसऱ्या दिवशी कोण जातं? गडावरच्या आणि खालच्या गावांतल्या बाई-गुरुजींना माझी विनंती आहे : एखादं पोर सहलीला यायचं नाही म्हणालं, तर फीचा विषय काढू नका. त्याला बाजूला घेऊन फक्त विचारा, घरी सगळं बरं आहे ना?